माळावरचे मुक्काम

डिसेंबर जवळ आला की पुण्याच्या आयटी मंडळींत एक बेत हमखास शिजतो: वाळवंटात कॅम्पिंग. म्हणजे जैसलमेरचं विमान, सम गावाजवळचे तंबू, उंटावरचा फोटो आणि रात्री शेकोटीभोवती डीजे. चार दिवस, दोन सुट्ट्या, बऱ्यापैकी खर्च. वाईट काहीच नाही. पण पुण्यापासून चार-पाच तासांवर सोलापूर जिल्हा आहे, तिथेही मोकळं आभाळ आहे, कोरडी जमीन आहे आणि उघड्यावर मुक्काम करण्याचा शेकडो वर्षांचा इतिहास आहे. तिकडे कोणी जात नाही. आपण गेलोच तर पंढरपूर-अक्कलकोट करून, शेंगाचटणी आणि चादरी घेऊन परत.

सोलापूरला वाळवंट म्हटलं तर सोलापूरकर तुम्हाला लगेच दुरुस्त करेल. तिथे 'वाळवंट' म्हणजे पंढरपुरात चंद्रभागेच्या पात्रातली वाळू, जिथे कीर्तनं रंगतात. बाकी जो कोरडा, उघडा प्रदेश आहे तो 'माळ'. भूगोलाच्या भाषेतही हे वाळवंट नव्हे. वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिमी पाऊस पडतो, तोही लहरी. सह्याद्रीने ढग अडवले की मागे जे उरतं ते इथे पोचतं. मुरमाड जमिनीवर झाडं कमी आणि गवत जास्त: कुसळी, पवन्या, मारवेल. मेमध्ये बघाल तर करपलेला तांबूस कातळ, आणि सप्टेंबरात गुडघाभर गवत. हा माळ कुणाला काय वाटला, त्यावर त्याचं नशीब ठरत गेलं. आजचा लेख त्याबद्दल.

इथले सर्वात जुने 'कॅम्पर' म्हणजे धनगर. मेंढीला चिखल आणि सततचा पाऊस मानवत नाही, तिला रोग होतात. त्यामुळे पावसाळा कोरड्या माळावर काढायचा आणि दिवाळीच्या सुमारास पश्चिमेकडे निघायचं, काही जण थेट कोकणापर्यंत. घोड्यांवर बिऱ्हाड, राखणीला कुत्री, रात्री मेंढ्यांभोवती वाघर म्हणजे जाळीचं कुंपण. काही कुटुंबं मिळून जो फिरता मुक्काम होतो त्याला 'वाडा' म्हणतात. आपला वाडा दगडी आणि चौसोपी, यांचा वाडा रोज सकाळी उठून चालायला लागतो! वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. शेताला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. म्हणजे मुक्काम हलला की मागे कचरा नाही, खत उरतं. 'लीव्ह नो ट्रेस' वगैरे आपण आता इंग्रजीतून शिकतोय, हे लोक त्याच्याही एक पाऊल पुढे होते.

हे जग वाचायचं असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आहेच. ती माणदेशातली, म्हणजे सोलापूरला लागूनच. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने तर आयुष्याची कितीतरी वर्षं बिरोबा-खंडोबाच्या मागे, धनगरांच्या वाड्यांवर घालवली. आणि रा. चिं. ढेऱ्यांनी 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' (१९८४) मध्ये मांडलं, की पंढरीचा विठोबा मुळात गवळी-धनगरांचा देव असावा. हे सगळ्यांना पटलेलं नाही. पण ढेऱ्यांचं खरं मानलं, तर महाराष्ट्राचं सर्वात मोठं दैवत याच माळावरच्या मुक्कामातून उभं राहिलं, असा त्याचा अर्थ होतो.

त्या विठोबाकडे जाणारी वारी हाही एक फिरता मुक्कामच. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी दिलं. त्यांना घोडे आणि तंबू पुरवले अंकलीच्या शितोळे सरदारांनी. सोलापूर जिल्ह्यात शिरल्यावर नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम पडतात. पालखी जिथे थांबते तो 'तळ'. लष्करी छावणीची शिस्त यात सरळ दिसते: कोणती दिंडी कुठे, चोपदार काय करणार, सगळं ठरलेलं. लाखो माणसं उघड्या रानात राहुट्या ठोकतात आणि दुसऱ्या दिवशी पुढे निघतात. इव्हेंट मॅनेजमेंटवाल्यांनी खुशाल अभ्यास करावा.

साधारण त्याच काळात माळावर दुसऱ्या प्रकारचे तंबू आले, कंपनी सरकारच्या मोजणीदारांचे. १८३५ च्या सुमारास शेजारच्या इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी जमिनीची नवी मोजणी सुरू केली. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली आणि सोलापूरच्या तालुक्यांनाही लागू झाली. मातीचा रंग आणि खोली बघायची, जमिनीचे वर्ग पाडायचे, त्यावर सारा बसवायचा. आधीच्या मनमानी आकारणीपेक्षा हे पुष्कळच बरं होतं, शेतकऱ्याला दिलासाही मिळाला. पण या तक्त्यात जमिनीची किंमत एकाच गोष्टीवर ठरत होती: पीक किती येतं? गवताला, मेंढ्यांना, पाखरांना त्यात रकानाच नव्हता. जे नांगरता येत नाही ते पडीक, पोटखराब. 'पोटखराब' हा शब्द आजही तुमच्या-माझ्या सातबाऱ्यावर सापडेल.

डेटाबेसवाल्यांना हे पटकन कळेल. एखाद्या फील्डमध्ये 'नल' असलं तर त्याचा अर्थ शून्य नसतो. त्याचा अर्थ 'आम्ही नोंद केलेली नाही' एवढाच. माळाच्या बाबतीत मात्र नल म्हणजे शून्य असं सगळ्यांनी धरलं, आणि पुढची सगळी सिस्टीम त्यावर बांधली.

या 'शून्यात' काय काय राहत होतं? काळवीट, लांडगा, खोकड, तणमोर, पखुर्डी, धाविक, चंडोल. आणि या सगळ्यांत मोठा माळढोक. मीटरभर उंच, नराचं वजन १५ किलोपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे उडणाऱ्या पक्ष्यांतला एक वजनदार गडी. मादी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते.

गोऱ्या साहेबांच्या थंडीतल्या दौऱ्यांत याची शिकार म्हणजे मोठी प्रतिष्ठा. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात एकट्या अहमदनगर जिल्ह्यात (आताचं अहिल्यानगर) ९६१ माळढोक मारले, अशी नोंद आहे. एका माणसाने, वीस वर्षांत! आज अख्ख्या देशात मोकळ्या रानात दीडशेच्या आसपासच माळढोक उरले आहेत, हे लक्षात घेऊन तो आकडा परत वाचा.

स्वातंत्र्यानंतर सलीम अलींची इच्छा होती की माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा. १९६३ मध्ये मान मिळाला मोराला. (माळढोकाच्या इंग्रजी नावात एक अक्षर चुकलं तर पंचाईत होईल, ही भीती आडवी आली असं गमतीने सांगतात. असो.) १९६९ मध्ये धर्मकुमारसिंहजींनी देशातल्या माळढोकांचा अंदाज काढला तो १,२६० च्या आसपास. महाराष्ट्रातून तर हा पक्षी संपलाच असं बऱ्याच जणांना वाटत होतं.

मग आलं १९७२. दुष्काळाचं ते साल घराघरातल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवतं: सुकडी, खडी फोडायची कामं, मिलो ज्वारी. त्याच वर्षी सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांना नान्नजच्या माळावर माळढोक दिसले. बार्शी रस्त्यावर, शहरापासून जेमतेम वीस किलोमीटरवर! कुलकर्णी पुढेही त्यांचा पाठपुरावा करत राहिले.

दुष्काळानंतर सरकारने अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम आणला. त्यात माळावरचे काही तुकडे चराई बंद करून राखले गेले. उद्देश चारा आणि झाडं, पण फायदा झाला माळढोकाला: गवत वाढलं, अंड्यावर पाय पडेना. सप्टेंबर १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या असद रहमानींनी इथे माळढोकावर काम केलं, पुढे सतीश कुमार यांच्यासोबत नान्नजच्या लांडग्यांवरही.

इथवर गोष्ट छान चाललेली. पण अभयारण्याचं क्षेत्रफळ किती होतं, तर सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. गावंच्या गावं, शेतं, बाजारपेठा, सगळं आत. जमिनीच्या व्यवहारांना आणि बांधकामांना परवानग्यांची कटकट लागली, आणि ज्या शेतकऱ्याच्या रानात माळढोक निवांत चरत असे त्यालाच तो पक्षी नकोसा झाला. पुढे बऱ्याच वर्षांच्या कोर्टकचेरीनंतर हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर नुकसान व्हायचं ते झालं होतं.

दुसरीकडे १९८० मध्ये उजनी धरण झालं, कालवे आले, ज्वारी-करडईच्या जागी ऊस आला. शेतकऱ्याला यात दोष देणं सोपं आहे, पण ज्याच्या आजोबांनी खडी फोडलीय त्याने पाणी आल्यावर ऊस लावू नये, असं सांगणारे आपण कोण? खरी गंमत म्हणजे प्रेमानेही माळाचं नुकसान केलं. माळ उघडा दिसतो म्हणून ग्लिरिसिडियासारखी झाडं लावली गेली. झाडं वाढली, आणि लांबवर नजर ठेवून जगणाऱ्या पक्ष्याचा माळ आक्रसला. आपल्या डोक्यात निसर्ग म्हणजे हिरवं, दाट. अरण्याची भाषा मराठीत आणणारे मारुती चितमपल्ली सोलापूरचेच. १९३२ मध्ये इथे जन्मले, जून २०२५ मध्ये इथेच गेले. पण त्यांचं अरण्य नवेगाव-नागझिऱ्याचं. माळाला तसा लेखक अजून भेटायचाय.

नान्नजच्या अलीकडच्या गणनांत एखाददुसरा माळढोक दिसतो, कधी तेवढाही नाही. आता त्याची शेवटची आशा कृत्रिम पैदास केंद्रांवर आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं, ते कुठे? जैसलमेर जिल्ह्यात, त्याच सम भागात, जिथे आपण शेकोटीभोवती नाचायला जातो. ज्याला आपण घराजवळ जागा ठेवली नाही, तो तिकडे आपल्या तंबूंच्या शेजारी पिंजऱ्यात वाढतोय.

मग करायचं काय? माळावर जायचं, पण पाहुण्यासारखं. इंदापूरजवळ कडबनवाडी आणि बारामतीजवळ शिर्सुफळ इथे २०२४ मध्ये वनविभागाने गवताळ सफारी सुरू केली. वाटाडे गावातले तरुण. माळ जसा आहे तसाच राहिला म्हणून गावाला चार पैसे मिळायला लागले, की सातबाऱ्यावरच्या त्या रकान्यात काहीतरी भरलं गेलं असं म्हणता येईल.

नान्नजला जाणार असाल तर आधी वनविभागाची परवानगी घ्या, आणि रात्रीचा मुक्काम अभयारण्याबाहेर करा. गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा. चंडोल, टिटवी, धाविक सगळे जमिनीवरच अंडी घालतात आणि ती खड्यांसारखीच दिसतात. वाळल्या गवतात शेकोटी नको, स्पीकर तर नकोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, भोवत्या ससाणेही आलेले असतात. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या, दोन दिवस आरामात टिकते. धनगराचा वाडा दिसला तर लांबून फोटो काढत बसू नका. जवळ जाऊन रामराम घाला आणि लांडगा कधी दिसला ते विचारा. बहुतेक कालच दिसलेला असतो.