रातांब्याचा रंग आणि रक्तांतील बिंबिका

सावित्रीच्या खोऱ्यांतील महाड व पोलादपूर ह्या तालुक्यांचें नांव निघालें म्हणजे रायगड आणि तानाजीचें उमरठ हींच प्रथम आठवतात, हें साहजिकच आहे. परंतु इतिहास केवळ गडांनाच असतो असें नाहीं. तो स्वयंपाकघरालाही असतो. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत ह्या डोंगराळ मुलखांत करवंदें काळीं होतात, रातांबे लाल होतात आणि जांभळें पिकतात. रातांब्याच्या साली त्याच्याच रसांत मीठ घालून पुनःपुन्हां भिजवावयाच्या व उन्हांत वाळवावयाच्या, कीं झालीं आमसुलें. ही कृति जुनी; पण तो लाल-जांभळा रंग शरीरांत जाऊन काय करतो, हा प्रश्न शास्त्रानें फार उशिरां विचारला.

गोमंतकांत रातांब्यास भिरंड म्हणतात. गोव्यांत राहणाऱ्या गार्सिया द ऑर्ता ह्या पोर्तुगीज वैद्यानें तेथेंच १५६३ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत ह्या आंबट फळाची नोंद केली. मात्र रंगाचें रहस्य त्या काळीं उकलणें शक्य नव्हतें. १८३५ सालीं मार्क्वार्ट ह्या जर्मन पंडितानें फुलांतील निळ्या रंगद्रव्यास ‘अँथोसायनिन’ हें नांव दिलें. पुढें विल्श्टेटर ह्यानें निळें कॉर्नफ्लॉवर आणि तांबडा गुलाब ह्यांत एकच मूळ द्रव्य, सायनिडिन, असल्याचें दाखविलें. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनाबद्दल त्यास १९१५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. रातांब्याचा रंगही ह्याच सायनिडिनाच्या कुळांतला.

दुसरा धागा रक्ताचा. रक्तांतील ज्या सूक्ष्म कणांस बिंबिका अथवा प्लेटलेट म्हणतात, त्यांचें कार्य इटलींतील बिझ्झोझेरो ह्यानें १८८२ सालीं स्पष्ट केलें. जखम झाली कीं त्या एकमेकींस चिकटतात आणि रक्त थांबवितात. हाच उपकार हृदयाच्या धमनींत अपकार ठरतो. तेथील मेदाचा थर फुटला, कीं बिंबिका त्यावर गोळा होतात, गुठळी वाट अडविते आणि झटका येतो. अ‍ॅस्पिरिन हा चिकटपणा कमी करतें. त्याच्या क्रियेचें मूळ जॉन व्हेन ह्यानें १९७१ सालीं दाखविलें.

हे दोन धागे विसाव्या शतकाच्या अखेरीस एकत्र आले. १९९३ सालीं हॉलंडांतील झुटफेन गांवच्या ८०५ वृद्ध पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. चहा, कांदे व सफरचंदें ह्यांतून अँथोसायनिनाचींच भावंडें असलेलीं फ्लॅव्होनॉइड द्रव्यें अधिक घेणाऱ्यांत हृद्रोगाचे मृत्यु कमी आढळले. २००१ सालीं अमेरिकेंत वीस निरोगी माणसांस चौदा दिवस जांभळ्या द्राक्षांचा रस देण्यांत आला. त्यांच्या बिंबिकांचा चिकटपणा कमी झाला.

येथें विवेकाची गरज आहे. पाहणींत दिसलेला संबंध म्हणजे कारण नव्हे. रंगीत फळें खाणारा मनुष्य इतर बाबतींतही जपून वागत असूं शकतो. वीस माणसांचा प्रयोग हा केवळ दिशादर्शक. शिवाय अ‍ॅस्पिरिनचा परिणाम बिंबिकेच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यभर टिकतो. अन्नांतील रंग थोडाच रक्तांत उतरतो आणि बराचसा कांहीं तासांत निघून जातो. द्राक्षांचा निष्कर्ष जसाच्या तसा रातांब्यास लावणेंही योग्य नव्हे. आणि आमसुलांत मीठ असतें, तें रक्तदाबाच्या रोग्यास हितकर नाहीं.

ही सावधगिरी केवळ पंडितांसाठीं नाहीं. आंबेनळी व कशेडी घाटांच्या कुशींतील वाड्यांना रुग्णालय दूर पडतें. तेथें कोणी सोलकढीच्या भरंवशावर डॉक्टरांनीं दिलेली गोळी सोडली, तर छातींत कळ आल्यावर गेलेला वेळ परत मिळत नाहीं. ताटांत करवंद, जांभूळ, रातांबा हे रंग अवश्य असावेत. पूर्वजांनीं ते चवीसाठीं राखले, शास्त्रानें त्यांत आशा दाखविली आहे. परंतु अन्नाचें काम अन्नानें करावें आणि औषधाचें औषधानें, हाच ह्या चार शतकांच्या शोधाचा बोध होय.