औंध संस्थानातील सूर्यनमस्कार-प्रसार : लोकारोग्याच्या एका प्रयोगाचा विचार

लोकांचे आरोग्य ही शासनाची जबाबदारी आहे हे तत्त्व आज सर्वमान्य झालेले आहे. साथी, लसीकरण, पाणीपुरवठा यांबाबतीत ते फारसे वादग्रस्तही राहिलेले नाही. परंतु निरोगी माणसाने निरोगीच राहावे, त्याचे शरीर सुटू नये, त्याने नित्य व्यायाम करावा आणि मिताहारी असावे, यासाठी राज्यसंस्थेने कोठवर झटावे हा प्रश्न मात्र अद्याप अनिर्णित आहे. रोग झाल्यावर उपचार करणे आणि रोग होऊ नये म्हणून माणसाच्या दिनचर्येत हात घालणे या दोन अगदी भिन्न गोष्टी होत. या दुसऱ्या प्रकारचा एक प्रदीर्घ प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृष्णाकाठच्या परिसरात झाला. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी केलेला सूर्यनमस्कारांचा प्रसार हा तो प्रयत्न होय. योगाच्या आधुनिक इतिहासातील एक प्रकरण म्हणून त्याचा उल्लेख अलीकडे वारंवार होतो. लोकारोग्याचा उपक्रम म्हणून त्याचा विचार त्यामानाने कमी झाला आहे.

पूर्वपीठिका

प्रतिनिधी घराण्याचा कऱ्हाडशी संबंध जुना आहे. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाजवळचा ‘पंताचा कोट’ ही या घराण्याच्या वैभवकाळाची खूण. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, १८०६ मध्ये, बापू गोखले यांनी मसूरनजीक परशुराम श्रीनिवास प्रतिनिधीचा पराभव केल्यावर घराण्याच्या सत्तेला उतरती कळा लागली आणि पुढे ब्रिटिश अमदानीत औंध हे छोटे संस्थान म्हणून उरले. त्याचा विस्तार सुमारे पाचशे चौरस मैल, गावे बहात्तर. आणि तीही सलग नव्हेत. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ अशा परस्परांपासून दूर असलेल्या तुकड्यांत ती विखुरलेली होती. पावसाचा भरवसा नसलेला माणदेशी भाग त्यात मोठा होता. संस्थानची ही परिस्थिती लक्षात ठेवणे अवश्य आहे, कारण आरोग्याच्या कोणत्याही योजनेला लागणारा पैसा या दरबारापाशी कधीच मुबलक नव्हता.

शरीरसाधनेची परंपरा या परिसरात बाळासाहेबांच्या कितीतरी आधीपासून रुजलेली होती. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी शहापूर, मसूर, उंब्रज ही स्थाने कऱ्हाडच्या आसमंतातील, आणि चाफळही तेथून दूर नाही. समर्थ स्वतः नित्य बाराशे सूर्यनमस्कार घालीत अशी संप्रदायातील श्रद्धा आहे. ती इतिहासाचा पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. परंतु बलोपासना आणि देवोपासना यांची सांगड या भागातील जनमानसात किती घट्ट बसली होती याचा पुरावा म्हणून तिचे मोल निश्चित आहे. मारुतीचे देऊळ आणि त्याला लागून तालीम ही रचना गावोगाव आढळे. जोर, बैठका, मल्लखांब आणि हौद्यातील मातीत होणारी मेहनत हा तालमीचा नित्यक्रम, आणि जत्रेतील कुस्त्यांचा फड हे त्या मेहनतीचे फळ.

या परंपरेचे सामर्थ्य किती होते हे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव (१९२६–१९८४) यांच्या चरित्रावरून दिसते. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकलेल्या या मल्लाने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासाच्या खर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, ही गोष्ट तालीम ही एकट्याची नसून गावाची संस्था होती याची साक्ष देते. तथापि या संस्थेच्या मर्यादाही उघड होत्या. ती तरुण पुरुषांची होती. स्त्रियांना तिच्यात स्थान नव्हते, प्रौढांना फारसे नव्हते. तिला दूध, तूप, बदाम यांचा खुराक लागे आणि तो सर्वांना परवडणारा नव्हता. शिवाय मेहनत सुटली तरी खुराक सुटत नाही, म्हणून उतारवयात पहिलवानाचे अंग सुटते, हे गावातील अनुभवी माणसास ठाऊकच असे. बलवान पुरुष निर्माण करणे हे तालमीचे कार्य होते. सर्व समाजाचे आरोग्य राखणे हा तिचा हेतू नव्हता.

सँडोपासून सूर्यनमस्कारापर्यंत

बाळासाहेबांचा व्यायामाचा आरंभ तालमीत झाला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूजेन सँडो या युरोपीय मल्लाच्या व्यायामपद्धतीचा सर्वत्र बोलबाला झाला होता. १९०४–०५ मध्ये सँडोने हिंदुस्थानचा दौराही केला. बाळासाहेबांनी त्याची पुस्तके व साधने मागविली आणि सुमारे दहा वर्षे ती पद्धत नियमाने चालविली. पुढे १९०८ मध्ये थोरल्या पातीच्या मिरज संस्थानचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. १९०९ मध्ये ते औंधच्या गादीवर आले. म्हणजे व्यक्तिगत साधनेचा आरंभ आणि राज्याधिकाराची प्राप्ती या दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या. व्यक्तीचे व्रत हे राज्याचे धोरण का बनले, याचे एक कारण या योगायोगात आहे.

सँडोच्या पद्धतीकडून नमस्काराकडे वळणे हा केवळ स्वदेशीचा अभिमान नव्हता. स्नायूंचे आकारमान वाढविणे हे सँडोचे लक्ष्य होते. बाळासाहेबांचा रोख स्नायूंपेक्षा पोट, पाठीचा कणा, श्वसन आणि पचन यांवर होता. नमस्काराच्या दहा अवस्थांत शरीर आळीपाळीने पुढे वाकते व मागे ताणले जाते. उदराचे स्नायू क्रमाने आकुंचन व प्रसरण पावतात आणि त्यांच्याशी श्वासाचा मेळ घातला जातो. बैठ्या कामामुळे पोट सुटलेला कारकून, वकील, शिक्षक, दरबारी अधिकारी यांच्या शरीरदोषांवर नेमका हाच उपाय त्यांना हवा होता. त्यास ना साधन लागते ना शुल्क. एका माणसाला आडवे होता येईल इतकी जागा पुरते. दरिद्री संस्थानाला पेलणारा असा हा एकमेव सार्वत्रिक व्यायाम होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

प्रसाराची साधने

संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे करण्यात आले. परंतु बाळासाहेब केवळ हुकुमावर विसंबले नाहीत. ते स्वतः कीर्तनकार होते, चित्रकार होते, आणि लोकांपुढे उभे राहून बोलण्याचा त्यांना संकोच नव्हता. व्याख्याने, प्रात्यक्षिके, छायाचित्रे, तक्ते, पुस्तके आणि अखेरीस चित्रपट अशी सर्व साधने त्यांनी वापरली. स्वतः राजा उघड्या अंगाने नमस्कार घालून दाखवीत आहे, हे दृश्य त्या काळी अपूर्व होते आणि कोणत्याही परिपत्रकापेक्षा ते अधिक प्रभावी ठरले असले पाहिजे. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचे स्वाध्याय मंडळ १९१८ पासून औंधास होते. वेदांच्या प्रकाशनाबरोबरच आसने व सूर्यनमस्कार यांविषयीचे साहित्यही तेथून प्रसिद्ध होऊ लागले आणि त्यामुळे या चळवळीस विद्वत्तेचे पाठबळ लाभले.

१९२८ च्या सुमारास बाळासाहेबांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक निघाले. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले असता ‘न्यूज क्रॉनिकल’च्या पत्रकार लुईझ मॉर्गन यांनी या व्यायामाची वृत्तपत्रातून ओळख करून दिली, आणि १९३८ मध्ये त्यांच्याच संपादनाखाली ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ हे पुस्तक लंडनला प्रकाशित झाले. या प्रवासात एक सूक्ष्म स्थित्यंतर झालेले दिसते. सूर्याची बारा नावे, बीजाक्षरे व वैदिक मंत्र यांसह घालावयाचा नमस्कार हे मूळचे उपासनेचे कर्म. बाळासाहेबांनी मंत्र सोडले नाहीत. मात्र बीजाक्षरांच्या उच्चाराने उत्पन्न होणारी कंपने छाती, कंठ व मस्तक यांना हितकर असतात, असे शारीरिक समर्थन त्यांनी दिले. उपासनेचे आरोग्यशास्त्रात झालेले हे रूपांतर हेच या चळवळीचे खरे नावीन्य होय. सूर्यास नमन करण्याची प्रथा प्राचीन आहे; परंतु वयोमानानुसार संख्या ठरवून, शाळेच्या वेळापत्रकात बसवून, सर्व समाजासाठी सांगितलेला व्यायाम म्हणून सूर्यनमस्कार हे विसाव्या शतकाचे अपत्य आहे.

आहाराचा विचारही या उपक्रमात होता. सडलेल्या तांदळाऐवजी कोंड्यासह धान्य, ताज्या भाज्या, साधे अन्न आणि चहासारख्या उत्तेजकांचा त्याग यांवर बाळासाहेबांचा भर असे. व्यायाम स्त्रियांनीही करावा हा त्यांचा आग्रह तर तालमीच्या परंपरेस सर्वस्वी नवा होता. त्या काळी महाराष्ट्रात अन्यत्रही अशा हालचाली चालू होत्या. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ ही दोन्ही १९२४ ची. परंतु त्या सर्व लोकाश्रयावर उभ्या राहिलेल्या संस्था होत्या. राज्याच्या यंत्रणेद्वारे सार्वत्रिक प्रसार करण्याचा प्रयत्न हे औंधचे वैशिष्ट्य.

सक्ती आणि संमती

या ठिकाणी एक विसंगती समोर येते. याच बाळासाहेबांनी मॉरिस फ्रीडमन आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्या प्रेरणेने व महात्मा गांधींच्या सल्ल्याने जानेवारी १९३९ मध्ये प्रजेस स्वराज्याची राज्यघटना दिली आणि ग्रामपंचायतींच्या पायावर उभ्या असलेल्या प्रातिनिधिक सभेकडे सत्ता सोपविली. आपला अधिकार स्वेच्छेने सोडणारा हाच राजा मुलांच्या शरीरावर मात्र हुकूम चालवीत होता. या विसंगतीची उपपत्ती दोन प्रकारे लावता येईल. एक अशी की, स्वराज्यास लायक नागरिक घडविणे ही राज्यकर्त्याची जबाबदारी, आणि अक्षरज्ञानाइतकेच शरीरसामर्थ्यही तिच्यात मोडते. दुसरी अशी की, पालक आणि पाल्य या नात्याने प्रजेकडे पाहण्याची जुनी राजनीती या आधुनिक उपक्रमातही शिल्लक राहिली होती. दोन्हींत तथ्य आहे. परंतु प्रयोगाचे पुढे काय झाले हे समजण्यास दुसरी अधिक उपयोगी पडते.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानाबरोबर संस्थानचा हुकूमही संपला. सूर्यनमस्कार टिकले ते शाळांच्या कवायतीत, व्यायामशाळांत आणि व्यक्तींच्या नित्यनेमात. रथसप्तमीच्या निमित्ताने त्यांचे सामुदायिक आयोजनही होत राहिले. अप्पासाहेब पंतांनी १९७० मध्ये त्यांवर पुन्हा पुस्तक लिहिले आणि जगभर ते पसरले. परंतु आहार, स्त्रियांचे आरोग्य, प्रौढांचा व्यायाम यांसह समग्र समाजाचा विचार करणारा उपक्रम म्हणून त्यांचे जे स्वरूप औंधात होते, ते उरले नाही. व्यायामाचा प्रकार टिकला, योजना लोपली. जो उपक्रम एका व्यक्तीच्या निष्ठेवर उभा असतो, त्याचे आयुष्य त्या व्यक्तीच्या अधिकाराइतकेच असते.

याखेरीज आणखी एक कारण संभवते, आणि ते अधिक खोल आहे. बाळासाहेबांचे निदान हे बैठ्या वर्गाचे निदान होते. माणदेशातील शेतकऱ्याची व मजुराची व्यथा पोट सुटण्याची नव्हती, पोट न भरण्याची होती. दिवसभर मोट हाकणाऱ्यास वा चारा वाहणाऱ्या स्त्रीस पहाटेच्या नमस्कारांची निकड वाटू नये यात नवल नाही. औषध खरे होते. परंतु बहुसंख्य प्रजेला तो रोग तेव्हा झालेला नव्हता.

उत्तरकाळ

पुढील अर्धशतकात ही परिस्थिती पालटली. १९६० नंतरच्या दशकांत कोयनेचे धरण, उपसा जलसिंचन, ऊस आणि सहकारी साखर कारखाने यांनी कऱ्हाड-वाळव्याच्या पट्ट्याचे अर्थकारण बदलले. मोटेची जागा विजेच्या पंपाने, बैलाची ट्रॅक्टरने आणि पायपिटीची दुचाकीने घेतली. हाती पैसा आला, ताटात साखर व तेल वाढले आणि अंगमेहनत घटली. पूर्वी जो दोष वकिलाचा व कारकुनाचा होता, तो आता बागायतदाराच्या व दुकानदाराच्या घरीही आला.

हा बदल केवळ एका खोऱ्याचा नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (पाचवी फेरी) भारतातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनी वा स्थूल आढळले. शहरी स्त्रियांत हे प्रमाण ३३ टक्क्यांवर होते. पण ग्रामीण स्त्रियांतही ते जवळजवळ २० टक्के भरले. खेड्यातील पाचांपैकी एक स्त्री, ही गोष्ट १९२८ मध्ये कोणास खरी वाटली नसती. शासनाने या आव्हानास दिलेली उत्तरेही ओळखीची वाटतात : असंसर्गजन्य रोगांवरील राष्ट्रीय कार्यक्रम (२०१०), २०१५ पासूनचा आंतरराष्ट्रीय योगदिन, २०१९ ची ‘फिट इंडिया’ मोहीम. सामुदायिक प्रात्यक्षिक, शाळांचा सहभाग आणि राज्यकर्त्याने स्वतः घालून दिलेला पाठ, ही औंधचीच साधने होत.

उपसंहार

औंधच्या प्रयोगाचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळली पाहिजेत. सूर्यनमस्काराने सर्व व्याधी दूर होतात असे जे दावे त्या काळच्या उत्साहात केले गेले, ते वैद्यकाच्या कसोटीस उतरणारे नाहीत. शरीराचे वजन हे आहार, श्रम, झोप, आनुवंशिकता आणि राहणीमान यांच्या संयोगाने ठरते. उलटपक्षी, एका हौशी राजाचा छंद म्हणून या उपक्रमाची बोळवण करणेही अन्यायाचे होईल. आरोग्य हे औषधालयात नव्हे तर घरात व शाळेत घडते, त्यास फार पैसा लागत नाही, आणि त्यात स्त्रीपुरुष दोघांचाही समावेश असला पाहिजे, ही तीन तत्त्वे त्याने लहानशा संस्थानात प्रत्यक्ष आचरून दाखविली.

उणीव राहिली ती चौथ्या तत्त्वाची. १९३९ मध्ये गावाने आपला कारभार स्वतः पाहावा असे ठरले. गावाने आपले आरोग्यही स्वतः पाहावे, ही त्याची स्वाभाविक पुढची पायरी होती. विलीनीकरणापूर्वी मिळालेली नऊ वर्षे तिच्यासाठी अपुरी पडली. गोळेश्वरच्या मल्लासाठी ज्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली त्यांना कोणी हुकूम केला नव्हता. तालमीपाशी असलेली ही आपलेपणाची भावना आणि औंधच्या योजनेतील सर्वसमावेशकता या दोहोंची गाठ पडली असती, तर या प्रयोगाचा इतिहास कदाचित निराळा झाला असता. आजच्या योजनाकारांपुढील प्रश्नही नेमका तोच आहे.