स्पेस नीडलखालचा गांजा-जल्लोष, सिॲटल (६ डिसेंबर २०१२)

मौजेखातर गांजा बाळगणे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कायदेशीर झाले, त्या मध्यरात्री सिॲटल शहरात झालेला सार्वजनिक जल्लोष. ‘इनिशिएटिव्ह ५०२’ हा कायदा ६ डिसेंबर २०१२ चा दिवस सुरू होताच, म्हणजे रात्री बाराच्या ठोक्याला अमलात आला. त्या वेळी ‘स्पेस नीडल’ या १८४ मीटर उंचीच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी लोक गर्दी करून उभे होते. बारा वाजले, आरोळ्या उठल्या आणि गांजाच्या विड्या व पाइप पेटले. आसपास पोलीस औषधालाही दिसत नव्हते. उघड्यावर गांजा ओढायला मात्र त्याच कायद्याने मनाई केली होती. नव्या कायद्याचे स्वागत झाले ते असे, त्यातलेच एक कलम मोडून.

पार्श्वभूमी : १९७० च्या संघीय कायद्याने अमेरिकेने गांजा हेरॉइनच्या रांगेत, पहिल्या अनुसूचीत बसवला. राज्यांनी त्यातून हळूहळू वाटा काढल्या. वॉशिंग्टनच्या मतदारांनी १९९८ मध्ये औषधी वापराला मान्यता दिली. २००३ मध्ये सिॲटलच्या मतदारांनी आणखी पुढचे पाऊल टाकले : प्रौढांकडे स्वतःपुरता गांजा सापडला तर ते प्रकरण पोलिसांच्या कामाच्या यादीत सर्वांत खाली असावे, असा ठराव त्यांनी मंजूर केला. २०१० मध्ये नगर-वकील म्हणून सूत्रे हाती घेतल्यावर पीट होम्स यांनी नुसत्या बाळगण्याचे खटले चालवणेच थांबवले.

शहरातील गांजासमर्थकांची स्वतःची जत्राही होती. १९९१ पासून दर उन्हाळ्यात भरणारा ‘हेम्पफेस्ट’ हा मेळावा पुढे समुद्रकाठच्या मर्टल एडवर्ड्स उद्यानात भरू लागला. भाषणे, बँड, खाण्याचे ठेले आणि धूर अशा या निषेधाच्या मेळाव्याकडे पोलीस वर्षानुवर्षे काणाडोळा करत आले होते. २०१२ चा जल्लोष जमिनीतून अचानक उगवला नव्हता. त्यातली माणसे, घोषणा आणि सवयी बऱ्याच अंशी या जत्रेतल्याच होत्या.

कायदा आणि त्यातील फटी : इनिशिएटिव्ह ५०२ चा मसुदा नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एसीएलयू’ संघटनेच्या वकील ॲलिसन होल्कम यांनी तयार केला. पाठिराख्यांमध्ये झुरके मारणाऱ्यांपेक्षा कोटटाय घातलेली मंडळीच पुढे होती. प्रवासलेखक रिक स्टीव्ह्ज, नगर-वकील होम्स आणि एकेकाळी गांजाविक्रेत्यांवर संघीय खटले भरणारे माजी सरकारी वकील जॉन मकाय ही त्यांतली ठळक नावे. ६ नोव्हेंबर २०१२ रोजी सुमारे ५५.७ टक्के मतदारांनी होकार दिला. त्याच दिवशी कोलोरॅडो राज्यातही असाच प्रस्ताव संमत झाला.

२१ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम गांजा जवळ ठेवण्याची मुभा या कायद्याने दिली. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दर मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम किंवा त्याहून जास्त टीएचसी (गांजातले नशा आणणारे द्रव्य) आढळल्यास तो नशेत असल्याचे धरले जाईल, असेही ठरवले. मौजेसाठी घरी रोप लावायला परवानगी नव्हती. या दोन तरतुदींवरून समर्थकांतच फूट पडली. औषधी गांजा वापरणाऱ्यांपैकी अनेकांनी विरोधात प्रचार केला.

खरी मेख पुढेच होती. परवानाधारक दुकाने उघडायला अजून दीड वर्षाहून अधिक अवधी होता. ६ डिसेंबरला गांजा खिशात असणे वैध, पण तो पिकवणे अवैध, विकणे अवैध, ओढायचा तर चार भिंतींच्या आत. मनोऱ्याखाली पेटलेला माल कुठून आला, याचे कायदेशीर उत्तर मौजेखातर आलेल्या कोणाकडेही नव्हते. संघीय कायदाही जिथल्या तिथे होता. तेव्हाच्या संघीय सरकारी वकील जेनी डर्कन यांनी आदल्याच दिवशी निवेदन काढून त्याची आठवण करून दिली होती.

ती रात्र : ६ डिसेंबर ही तारीख सिॲटलमध्ये दुहेरी होती. नोव्हेंबरच्या त्याच मतदानात वॉशिंग्टनकरांनी समलिंगी विवाहालाही मान्यता दिली होती, आणि किंग काउंटीच्या कचेरीने त्याच मध्यरात्री विवाह-परवाने द्यायला सुरुवात केली. शहराच्या मध्यवस्तीत जोडपी रांगेत उभी होती आणि तिथून थोड्याच अंतरावर, १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या मनोऱ्याखाली, गांजाची गर्दी जमली होती. एकीकडे सरकारी शिक्का मिळवण्याची घाई, तर दुसरीकडे सरकारने पाठ सोडल्याचा आनंद.

या मेळाव्याला ना मांडव होता ना व्यासपीठ. लोक आले, उभ्या उभ्या विड्या वळल्या, अनोळखी माणसांच्या हाती दिल्या आणि बातमीदारांच्या कॅमेऱ्यांसमोर बिनधास्त धूर सोडला. तोंड लपवण्याची गरज कोणाला वाटली नाही. लोकांनी तिथे साजरे केले ते मुख्यतः हेच, कारण कायद्याने दिलेला हक्क घरात बसूनही बजावता आला असता.

पोलिसांची भूमिका : सिॲटल पोलिसांनी तयारी आधीच केली होती, आणि तीही विनोदबुद्धीने. मतदानानंतर लगेच त्यांनी नागरिकांसाठी प्रश्नोत्तरे प्रसिद्ध केली. पूर्वी जप्त झालेला गांजा परत मिळेल का, या प्रश्नाखाली एका शब्दात ‘नाही’ असे उत्तर होते. कायदा लागू झाला त्या रात्री अंमलदारांना अंतर्गत सूचना गेली : पुढील आदेशापर्यंत या कायद्याच्या भंगाबद्दल तोंडी समज द्यावी, कारवाई करू नये. जनतेसाठी निघालेल्या पत्रकात उघड्यावर ओढू नका असे बजावले होते. पण आपल्या घरात बसून गांजा ओढा, पिझ्झा मागवा आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे चित्रपट ओळीने पाहा, असा खुशखुशीत सल्लाही दिला होता.

ऑगस्ट २०१३ च्या हेम्पफेस्टमध्ये याच सुराची पुढची तान ऐकू आली. गणवेशातल्या पोलिसांनी डोरिटोज चिप्सच्या सुमारे १,००० पुड्या वाटल्या. नव्या नियमांची माहिती कुठे मिळेल हे प्रत्येक पुडीवर चिकटवलेल्या कागदावर छापले होते. गांजा ओढला की भूक खवळते हे पोलिसांना ठाऊक होते. पुड्या बघता बघता संपल्या आणि जगभरच्या वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकली.

पुढील घडामोडी : संघीय न्याय खात्याने ऑगस्ट २०१३ च्या अखेरीस पत्रक काढले आणि वैधता देणाऱ्या राज्यांशी तूर्त दोन हात न करण्याचे संकेत दिले. वॉशिंग्टनमधली पहिली परवानाधारक दुकाने ८ जुलै २०१४ रोजी उघडली. सिॲटल शहरातल्या पहिल्या दुकानात, ‘कॅनॅबिस सिटी’त, स्वतः पीट होम्स गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभे राहिले. खरेदी करून ते पुड्या घेऊनच कार्यालयात गेले. कार्यालयात अमली पदार्थ आणण्यास कर्मचाऱ्यांना बंदी होती. हे ध्यानात आल्यावर त्यांनी जाहीर माफी मागितली आणि ३,००० डॉलर देणगी दिली.

त्याच सुमारास ‘घरात ओढा’ या सल्ल्याची दुसरी बाजू आकड्यांत उतरली. उघड्यावर गांजा ओढल्याबद्दल शहराने २७ डॉलरचा दंड ठरवला होता. २०१४ च्या पहिल्या सहामाहीत फाडलेल्या पावत्यांचा हिशेब पोलीस खात्याने मांडला, तेव्हा दंड झालेल्यांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय निघाले. शहराच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण जेमतेम ८ टक्के होते. जवळपास निम्म्या पावत्या बेघर लोकांच्या नावावर होत्या. ज्यांना चार भिंतीच नव्हत्या, त्यांच्यासाठी कायद्याने जागा ठेवली नव्हती.

सुमारे ८० टक्के पावत्या एकाच अधिकाऱ्याच्या हातच्या होत्या, हेही या हिशेबात उघड झाले. दोघे जण सापडले असता दंड कोणाला करायचा हे नाणे उडवून ठरवल्याची नोंद त्याने एका पावतीवर केली होती. होम्स यांनी त्या वर्षाच्या पहिल्या सात महिन्यांतल्या सगळ्या पावत्या रद्द करण्याची विनंती न्यायालयाला केली. स्पेस नीडलखाली कॅमेऱ्यांसमोर ओढणाऱ्या गर्दीला पावती मिळाली नव्हती. उद्यानात एकट्याने ओढणाऱ्याला मिळाली.

जुन्या शिक्षांचा प्रश्न आणखी लांबला. डर्कन २०१७ मध्ये सिॲटलच्या महापौर झाल्या. त्यांच्या कारकिर्दीत, २०१८ मध्ये, होम्स यांच्या अर्जावरून नगर न्यायालयाने १९९६ ते २०१० या काळातल्या पाचशेहून अधिक लोकांचे, गांजा बाळगल्याचे दोषसिद्धीचे निकाल रद्द केले.

इतरत्र झालेले जल्लोष : सिॲटलनंतर अशा मध्यरात्रींची मालिकाच सुरू झाली. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ रोजी देशभर वैधता आली. न्यूफाउंडलंडचे घड्याळ उर्वरित कॅनडाच्या किमान अर्धा तास पुढे असते. त्यामुळे कायदेशीर विक्रीचा पहिला मान सेंट जॉन्स शहरातल्या वॉटर स्ट्रीटवरील दुकानाला मिळाला. बाहेर रात्रीपासून रांग लागली होती. ओंटारिओत मात्र त्या दिवशी एकही दुकान नव्हते. टोरांटोच्या उद्यानांत लोक जमले खरे, पण कायदेशीर माल घरपोच मागवण्यावाचून गत्यंतर नव्हते. तिथली दुकाने १ एप्रिल २०१९ ला उघडली.

जर्मनीत १ एप्रिल २०२४ च्या मध्यरात्री बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजासमोर मोठी गर्दी लोटली. प्रौढांना बाहेर २५ ग्रॅम गांजा जवळ बाळगण्याची आणि घरी तीन रोपे लावण्याची मुभा मिळाली होती. सभासदांपुरता गांजा पिकवणाऱ्या मंडळांना मात्र १ जुलैपर्यंत थांबावे लागणार होते. बाळगणे आधी आणि मिळवणे मागाहून, हा सिॲटलचा क्रम बर्लिनमध्येही चुकला नाही. फरक एवढाच, की शाळा व क्रीडांगणांचा परिसर आणि दिवसाउजेडी पादचारी रस्ते अशी ठिकाणे वगळता जर्मन कायद्याने उघड्यावर ओढण्याची मोकळीक दिली होती. त्यामुळे तिथला मध्यरात्रीचा जल्लोष नियमात बसणारा होता.

भारतीय व मराठी संदर्भ : भारतात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा (एनडीपीएस) लागू आहे. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पाने व बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच पानांची भांग या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते आणि तिचे नियमन राज्ये करतात. अल्प प्रमाणात, म्हणजे एक किलोपर्यंत गांजा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सिॲटल आणि त्याच्या जवळच्या रेडमंड, बेलव्ह्यू या शहरांत मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉनसारख्या कंपन्यांमुळे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्यापैकी जे व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत, त्यांना राज्याच्या मुभेचे संरक्षण पूर्णपणे मिळत नाही, कारण स्थलांतर हा विषय संघीय सरकारच्या हातात आहे. गांजा वापरल्याची नुसती कबुलीही देशात पुन्हा प्रवेश करताना अडचणीची ठरू शकते. परवानाधारक दुकानातली नोकरीसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जाच्या आड येऊ शकते, असे संघीय नागरिकत्व व स्थलांतर सेवेने एप्रिल २०१९ मध्ये लेखी स्पष्ट केले.