मांडवाचा ताणा

गेल्या दिवाळीत गावी, पिंपळगाव रेणुकाईला गेलो होतो. मिरचीच्या बाजारातून परतताना काकांनी गाडी मळ्यातल्या विहिरीपाशी थांबवली. "बघ, यंदा बांधून काढली." आत डोकावलो आणि लहानपणीची एक सकाळ आठवली.

तेव्हा विहीर नुसतीच खोदलेली होती. वर काळी माती, मग मुरूम, तळाला पाषाण. पाणी लागलं आणि पैसे संपले, बांधकाम राहिलं. आजोबा म्हणायचे, मुरूम धरून राहतो. दोन पावसाळे राहिलाही. तिसऱ्या पावसाळ्यात पाणी मुरून एक कड सुटली. गाळ काढायला उतरलेले आमचे सालदार कमरेपर्यंत गाडले गेले. वाचले, पण पुन्हा कधी विहिरीत उतरले नाहीत.

पुढे सिव्हिलला गेल्यावर कळलं की कड पडू नये म्हणून पुढून भिंत बांधणं किंवा टेकू देणं एवढाच उपाय नाही. तिला मागूनही धरता येतं, मांडवाला ताणा देतो तसं. कडेतून तिरपं भोक पाडायचं, सुटू पाहणाऱ्या मातीच्याही पलीकडे. त्यात पोलादी तारा सोडून टोकाशी सिमेंट भरायचं. ते घट्ट झालं की जॅकनं तारा ताणून बाहेरच्या प्लेटवर अडकवायच्या. पडणाऱ्या जमिनीला न पडणारी जमीन धरून ठेवते. हाच ग्राउंड अँकर.

ही युक्ती आधी खडकात वापरली गेली. 1934 मध्ये आंद्रे कोइन या फ्रेंच इंजिनिअरनं अल्जीरियातलं शेर्फा नावाचं जुनं दगडी धरण खालच्या खडकाला तारांनी जखडलं. एकेका अँकरचा ताण 1000 टन! मातीत पकड मिळवणं जास्त अवघड. ते 1958 मध्ये जर्मनीत म्युनिकला बावर कंपनीनं एका इमारतीच्या खोदाईत जमवलं. एरवी अशा खड्ड्यात आडव्या टेकूंचं जंगल असायचं. आता खड्डा मोकळा आणि भिंत मागून धरलेली.

आपल्याकडे याच्या जवळचं उदाहरण म्हणजे कोयना. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपात 103 मीटर उंचीच्या त्या धरणाला भेगा गेल्या, मुख्यतः मागचा उतार जिथे बदलतो त्या पातळीला. भेगांत एपॉक्सी भरलं. उंच भागांत वरून भोकं पाडून, भेगेच्या खालपर्यंत तारा नेऊन ताणल्या. म्हणजे इथे ताणा जमिनीत नव्हता, धरणाच्याच शाबूत भागात होता. तत्त्व मात्र तेच. पुढे मागच्या बाजूनं काँक्रीटचे भक्कम टेकूही दिले.

मला या सगळ्यात सर्वांत आवडते ती एक शिस्त. काम घेताना अँकर त्याच्या रोजच्या भारापेक्षा जास्त ओढून बघतात. टिकला तरच स्वीकारतात. आम्ही मात्र दोन पावसाळ्यांनाच परीक्षा समजलो आणि तिसऱ्या वर्षी माणूस खाली उतरवला.

शेतातल्या विहिरीला कोणी अँकर मारणार नाही, परवडायचं नाही. तिथे दगडी बांधकाम किंवा सिमेंटच्या रिंगा हाच उपाय, आणि तो जुनाच आहे. फक्त तो पाणी लागल्यावर, पैसे आल्यावर, पुढच्या वर्षी असा ढकलला जातो.

काकांना विचारलं, इतकी वर्षं का लागली?

"पाणी होतं ना," ते म्हणाले.

असो. तुमच्या मळ्यातली विहीर बांधलेली आहे ना?