बुरशीचा अर्क आणि पेशीमृत्यूची विकरे : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
वऱ्हाडातील हिवरखेड (ता. मोर्शी, जि. अमरावती) हा परिसर संत्राबागांचा आहे. साठवणुकीतील संत्र्यावर येणारी हिरवी-निळी बुरशी बागायतदाराचे नुकसान करते. परंतु ती पेनिसिलियम या प्रजातीतील असून याच प्रजातीने वैद्यकशास्त्राला पेनिसिलिन दिले. अशा बुरशींच्या अर्कांतून नियोजित पेशीमृत्यू घडविणाऱ्या विकरांचे निरोधक मिळू शकतील काय, या प्रश्नाची ऐतिहासिक पार्श्वभूमी तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

संवर्धाचे जतन :
१९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा गुणधर्म आढळला. त्यांच्या बुरशीचे संवर्ध ऑक्सफर्ड येथे जपून ठेवलेले होते, म्हणूनच फ्लोरी व चेन यांना दशकभरानंतर त्यावर काम करता आले. पेनिसिलिन जिवाणूंची पेशीभित्तिका बांधणारी विकरे रोखते, म्हणजे तेही एक विकरनिरोधकच होय. महाराष्ट्रात १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना होऊन पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. तत्पूर्वी १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली होती. तिच्या आघारकर संशोधन संस्थेत आज राष्ट्रीय कवक संवर्ध संग्रह आहे.

पेशीमृत्यूची विकरे :
१९७२ साली केर, वायली व करी यांनी नियोजित पेशीमृत्यूस 'अपॉप्टोसिस' हे नाव दिले. १९९३ साली हॉर्विट्झ यांच्या गटाने सूत्रकृमीतील पेशीमृत्यूचे जनुक व दाहाशी निगडित एक मानवी विकर यांतील साधर्म्य दाखविले. हे विकर पुढे कॅस्पेज-१ म्हणून ओळखले गेले. २००२ सालचे नोबेल पारितोषिक ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन यांना या क्षेत्रातील संशोधनासाठी मिळाले. २००४ साली अमेरिकेतील मोंटाना राज्यात, तांब्याच्या बंद खाणीत साचलेल्या आम्लयुक्त पाण्यातील पेनिसिलियमपासून आंद्रेआ व डोनाल्ड स्टियर्ल यांनी कॅस्पेज-१ रोखणारी संयुगे वेगळी केली. त्यांनी अर्काचे टप्प्याटप्प्याने विभाजन करून प्रत्येक अंशाची विकरावर चाचणी घेतली होती.

निष्कर्ष :
उपरोक्त इतिहासावरून असे दिसते की, अर्काची क्रिया आढळणे ही केवळ पहिली पायरी आहे. बुरशीची अचूक ओळख, संवर्धाचे जतन व क्रियाशील संयुगाचे विलगीकरण यांवाचून तो शोध पुढे जात नाही. शिवाय कर्करोगात पेशीमृत्यू घडविणे इष्ट असते, तर दाहात संबंधित विकर रोखणे उपकारक ठरू शकते. त्यामुळे 'निरोधक' म्हणजे 'औषध' असे समीकरण मांडणे धोक्याचे आहे. ग्रामीण महाविद्यालयांत महागडी उपकरणे नसतील. तथापि आपल्या शिवारातील बुरशी गोळा करून, स्थळ व दिनांक नोंदवून तिचे शुद्ध संवर्ध राष्ट्रीय संग्रहात जमा करणे प्राध्यापकांना निश्चितच शक्य आहे. असे जतन झाले नाही, तर अर्काविषयी प्रसिद्ध झालेला निष्कर्ष दुसऱ्या कोणासही पडताळून पाहता येणार नाही.