टाकाऊ वस्तूंतून विज्ञान : काडेपेटी, सेल आणि जुन्या सीडीची खेळणी

बेंगळुरू येथे मुख्यालय असलेली अगस्त्य इंटरनॅशनल फाउंडेशन ही संस्था १९९९ मध्ये स्थापन झाली. गाडीत प्रयोगसाहित्य भरून ते खेड्यांतील सरकारी शाळांपर्यंत नेणे, हे या संस्थेचे प्रमुख काम आहे. आंध्र प्रदेशातील कुप्पम येथे तिचे विस्तीर्ण शैक्षणिक संकुल आहे. संस्थेच्या फिरत्या प्रयोगशाळांतील अनेक प्रतिकृती साध्या आणि अल्पखर्चाच्या असून विद्यार्थ्यांनी त्या स्वतः हाताळाव्यात, अशी अपेक्षा असते.

याच विचाराची एक जुनी आणि मराठी वाचकांना अधिक परिचित परंपरा पुण्यात रुजली आहे. अनेक शाळांत आजही प्रयोगाचे साहित्य फुटण्याच्या भीतीने कपाटात कुलूपबंद राहते. त्यामुळे या परंपरेचे महत्त्व कमी झालेले नाही.

होशंगाबाद ते पुणे

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (आताचे नर्मदापुरम) १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. पाठांतराऐवजी प्रयोगातून विज्ञान शिकवणे हा त्याचा गाभा होता. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ मध्ये पदवी घेतलेले आणि पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन या कार्यक्रमात सहभागी झाले. आठवडी बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या वस्तूंतून शिक्षणाचे साहित्य तयार करण्याचा त्यांचा प्रयत्न तेथे आकाराला आला.

राज्य शासनाने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला. मात्र त्यातून निर्माण झालेली खेळणी टिकून राहिली. गुप्ता यांनी पुढे पुण्याच्या आयुका या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत दीर्घ काळ काम केले. या बालविज्ञान केंद्राच्या इमारतीला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानचे आर्थिक साहाय्य लाभले होते. गुप्ता यांना २०१८ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. त्यांची पुस्तके आणि खेळण्यांच्या लघुचित्रफिती महाजालावर मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य उपलब्ध आहेत.

घरी सहज करता येतील अशा चार वस्तूंची माहिती पुढे दिली आहे.

१. गिरक्या घेणारा मासा

साहित्य : जुने वर्तमानपत्र, कात्री.

सुमारे १५ सेंटीमीटर लांब आणि अडीच सेंटीमीटर रुंद पट्टी कापावी. एका टोकापासून दोन सेंटीमीटरवर वरच्या कडेकडून, तर दुसऱ्या टोकापासून तेवढ्याच अंतरावर खालच्या कडेकडून अर्ध्या रुंदीपर्यंत काप द्यावा. पट्टी वळवून दोन्ही काप एकमेकांत अडकवले की माशाचा आकार तयार होतो. तो उंचावरून सोडल्यास गरगर फिरत खाली येतो. पट्टीची लांबी किंवा रुंदी बदलल्यास फिरण्याचा वेग बदलतो का, हे मुलांना स्वतः पडताळून पाहता येते. खर्च शून्य असल्याने दहा मासे बिघडले तरी नुकसान होत नाही.

२. काड्यांची भूमिती

साहित्य : काडेपेटीतील काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी, काटा किंवा जाड सुई.

काड्यांवरील ज्वालाग्राही टोके मोठ्यांनी आधी खरवडून काढावीत. नळीचे दीड सेंटीमीटर लांबीचे तुकडे करावेत. एका तुकड्याच्या दोन्ही तोंडांत काड्या खोचल्या की सांधा तयार होतो. तीन काड्या आणि तीन तुकड्यांचा त्रिकोण करावा. चार काड्या आणि चार तुकड्यांचा चौकोन. चौकोन बोटाने दाबताच कलतो आणि समांतरभुज होतो. त्रिकोण मात्र आपला आकार सोडत नाही. पुलाच्या सांगाड्यात, विजेच्या मनोऱ्यात आणि घराच्या कैचीत त्रिकोण का दिसतात, याचे उत्तर मुलाच्या बोटांना येथेच मिळते.

सांध्याच्या मधोमध काट्याने छिद्र पाडून तिसरी काडी बसवली की तीन काड्यांचा सांधा होतो. त्याची तीन मोकळी टोके त्रिकोणाच्या तिन्ही सांध्यांत अशीच छिद्रे पाडून बसवल्यास चतुष्फलक उभा राहतो.

३. सेफ्टी पिनांची मोटर

साहित्य : टॉर्चचा दीड व्होल्टचा मोठा सेल, दोन मोठ्या सेफ्टी पिना, सायकलच्या जुन्या ट्यूबची रबरी पट्टी, लहान चुंबक, मुलामा दिलेली सुमारे ६० सेंटीमीटर तांब्याची तार.

पेन्सिल सेलभोवती तारेचे दहा वेढे घेऊन वेटोळे तयार करावे. दोन्ही बाजूंना समोरासमोर पाच सेंटीमीटरची सरळ टोके ठेवावीत. एका टोकावरील मुलामा सर्व बाजूंनी, तर दुसऱ्या टोकावरील फक्त एका बाजूने खरवडावा. मोठ्या सेलच्या दोन्ही टोकांना सेफ्टी पिना उभ्या लावून त्या रबरी पट्टीने घट्ट बांधाव्यात. सेलच्या पाठीवर चुंबक ठेवावा आणि पिनांच्या छिद्रांत वेटोळ्याची टोके ओवावीत. किंचित धक्का देताच वेटोळे फिरू लागते.

दुसरे टोक अर्धवट खरवडण्यातच या मोटरचे रहस्य आहे. वीजप्रवाह अखंड राहिला असता, तर अर्ध्या फेरीनंतर वेटोळ्यावरील बल उलट दिशेने लागून ते थबकले असते. मुलाम्यामुळे नेमक्या त्याच वेळी प्रवाह तुटतो आणि वेटोळे आपल्या वेगाने पुढे जाते. मोटर थांबलेल्या स्थितीत जोडून ठेवू नये. तार आणि सेल तापतात. घरातील विजेच्या जोडणीवर हा प्रयोग कधीही करू नये.

४. हवेवर तरंगणारी सीडी

साहित्य : निकामी सीडी, बाटलीचे झाकण, फुगा, चिकटद्रव्य.

झाकणाच्या मध्यभागी मोठ्यांनी लहान छिद्र पाडावे. ते सीडीच्या मधल्या छिद्रावर असे चिकटवावे की कडेने हवा निसटणार नाही. चिकटद्रव्य पूर्ण वाळल्यावर फुगा फुगवून, तोंडाशी पीळ देऊन झाकणावर चढवावा. सीडी गुळगुळीत टेबलावर ठेवून पीळ सोडला की खालून निघणाऱ्या हवेचा पातळ थर तयार होतो. घर्षण कमी झाल्याने हलक्या टिचकीनेही सीडी दूरवर सरकते.

बदलते टाकाऊ साहित्य

टाकाऊ साहित्य काळाप्रमाणे बदलते. छायाचित्रांच्या फिल्मची डबी एके काळी हातपंपाच्या प्रतिकृतीसाठी वापरली जाई. ती आता घरांतून जवळजवळ नाहीशी झाली आहे. प्लॅस्टिकच्या शीतपेयनळ्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. उलट, निरुपयोगी ठरलेल्या सीडी अनेक घरांत पडून आहेत. त्यामुळे जुन्या पुस्तकातील कृती जशीच्या तशी करण्यापेक्षा आपल्या घरातून, गावातून काय फेकले जाते, हे आधी पाहणे श्रेयस्कर ठरते.

शाळांच्या कार्यानुभवात ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा विषय नवा नाही. परंतु प्रदर्शनासाठी चमकी, रंगीत कागद आणि शोभेचे साहित्य दुकानातून विकत आणले जाते आणि वस्तू बहुधा पालकच पूर्ण करतात, तेव्हा त्याचा मूळ हेतू हरवतो. अशी वस्तू सुंदर दिसते, पण ती उकलून पाहण्याची परवानगी मुलाला नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अनुभवाधारित शिक्षणावर भर देण्यात आला आहे. त्यासाठी प्रत्येक शाळेत सुसज्ज प्रयोगशाळा उभी राहण्याची वाट पाहावी लागत नाही.

सुरुवात करताना पालकांनी आणि शिक्षकांनी तीन गोष्टी पाळाव्यात : धारदार आणि ज्वलनशील वस्तू स्वतः हाताळाव्यात, उरलेले काम मुलाकडे सोपवावे आणि वस्तू चालली नाही तर ती लगेच दुरुस्त करून देऊ नये. ती का चालली नाही, याचा शोध मुलाने घेणे हा या उपक्रमाचा सर्वांत मोलाचा भाग आहे.