पालकाची सही

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘स्मरणिकेसाठी दोन पाने लिहून दे’ असा निरोप आला, तेव्हा काय लिहावे हे सुचेना. शेवटी आईची पत्र्याची पेटी उघडली. आई गेल्यापासून ती माझ्याकडेच आहे. आत जुने रेशनकार्ड, सातबाऱ्याचे उतारे आणि खताच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळलेली माझी प्रगतिपुस्तके निघाली. पाचवी ते दहावी, एकही हरवलेले नाही. १९८७ साली आपण दहावी झालो, म्हणजे ही पुस्तके तिने जन्मभर सांभाळली. तिला त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते.

गुण पाहून फार अभिमान वाटावा असे त्यात काही नाही. गणिताखाली दोनदा तांबडी रेघ आहे. मी मात्र बराच वेळ शेवटच्या रकान्याकडे बघत बसलो. वर्गशिक्षकाची सही, मुख्याध्यापकाची सही आणि तिसरी पालकाची सही. पाचवी ते आठवी त्या जागी आण्णांचा निळा अंगठा आहे, नववीपासून सही. त्या एका रकान्याचा इतिहास आपल्या भागापुरता सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यात आपल्यापैकी पुष्कळांचे आईबाप आहेत.

आपल्या नगर जिल्ह्यात शेतकऱ्याच्या घरात कागद आला तो बहुधा कर्जाचा. लिहिता न येणारा कुणबी खताखाली नांगराची निशाणी करी. जुन्या दप्तरांत ‘निशाणी नांगर’ असे शब्द जागोजागी सापडतात. वर काय लिहिले आहे ते सावकाराला माहीत, खाली नांगर आपला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि थोड्याच दिवसांत तो नगर जिल्ह्यात पसरला. पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत दंगे झाले. इतिहासाच्या पुस्तकात आपण ‘दख्खनचे दंगे’ म्हणून वाचले ते हेच. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की जमावाचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खते मागून घ्यायची आणि जाळायची. जो कागद वाचता येत नाही, पण ज्याच्यामुळे जमीन जाते, त्याच्यावरचा तो राग होता. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्याचे खत सरकारने नेमलेल्या ग्रामनिबंधकासमोरच लिहिले जावे, अशी तरतूद त्यात आली.

कागद बदलत गेले, अंगठा राहिला. १९७२ च्या दुष्काळात आपल्या तालुक्यातील माणसे खडी फोडायला आणि बंडिंगच्या कामावर गेली, तेव्हा हजेरीपटावर अंगठा. ऊसतोडीला निघायचे तर दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून उचल घेताना अंगठा. आमच्या आण्णांनी आयुष्यात जेवढे अंगठे दिले, ते सगळे देण्याघेण्याचे होते. अंगठा उठवला म्हणजे काहीतरी फेडायचे आहे, एवढाच त्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

आता शाळेच्या बाजूने पाहू. आपल्याकडे शाळेची परीक्षा सुरुवातीला चार लोकांसमोर घेण्याची गोष्ट होती. ज्या सावित्रीबाईंनी आपल्या नगरला मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, त्यांच्या आणि जोतीरावांच्या पुण्यातील मुलींच्या शाळांची जाहीर परीक्षा फेब्रुवारी १८५३ मध्ये झाली. दोनशेवर मुली परीक्षेला बसल्या आणि ती पाहायला हजारो लोक जमले. मुलीने धडा वाचून दाखवायचा आणि बापाने तो गर्दीत उभे राहून ऐकायचा, हेच त्या काळचे प्रगतिपुस्तक. पुढे गावोगावी शाळा झाल्या, तपासणीला ‘दिपोटी’ येऊ लागले आणि सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलला मान आला. फायनल पास झालेला मुलगा मास्तर होऊ शकत असे.

परीक्षेचे वेड पाथर्डीला तर जुनेच. आपल्या तालुक्यातील चिचोंडीचे सुपुत्र आनंदऋषीजी महाराज यांच्या प्रेरणेने १९३६ साली श्री तिलोकरत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड पाथर्डीत स्थापन झाले आणि त्याच्या परीक्षा देशभर दिल्या जाऊ लागल्या. ज्या गावाला पाऊस कधी वेळेवर भेटला नाही, त्या गावातून देशभर निकाल जात होते, ही आपण अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

निकालाचा अभिमान म्हणजे नेमके काय, हे सांगणारे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण मात्र साताऱ्याहून सुरू होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेच्या पटावर ‘भिवा’ या नावाने एका मुलाची नोंद झाली. तेच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हा दिवस आपल्या राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्यांचे वडील सुभेदार रामजी पेन्शनर होते. मुलाने पुस्तक मागितले आणि हाती पैसा नसला, की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून आणत, तो गहाण टाकत आणि पुस्तक घेत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत देत. ज्या सावकाराच्या कागदाने लोकांची जमीन जात होती, त्याच्याच दारात हा बाप पुस्तकासाठी उभा राहत होता.

१९०७ साली भीमराव मुंबईत मॅट्रिक झाले. गुण मिळाले ७५० पैकी २८२, म्हणजे साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास. आज एवढ्या गुणांचा मुलगा घरी आला तर पेढे आणायचे की नाही, याचा आपण विचार करू. पण त्या निकालासाठी सत्काराची सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. त्या सभेने टक्के मोजले नाहीत, मुलगा कुठून निघून कुठे पोचला ते अंतर मोजले. रामजींचा अभिमान याच अंतराचा होता.

आता पुन्हा आपल्या वर्गात येतो. मित्रांनो, आठवा. सहामाही परीक्षा दिवाळीआधी व्हायची आणि निकाल दिवाळीच्या सुट्टीनंतर मिळायचा. तोवर आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागलेले असत. गावात उरायचे म्हातारे आणि आपण. त्यामुळे सहामाहीच्या रकान्यात आजीचा अंगठा, चुलत्याची सही, नाहीतर शेजाऱ्याची सही. काही बहाद्दरांनी वडिलांच्या सह्या स्वतःच केल्या. गुरुजींना ते कळत असे आणि तरीही ते गप्प बसत, हे आता चाळीस वर्षांनी कबूल करायला हरकत नाही.

पाचवीचा वार्षिक निकाल. एक मे, झेंडावंदन झाले. आण्णा आठवडाभर आधीच ऊसतोडीवरून परतले होते. गुरुजींनी त्यांना ‘या’ म्हणून निरोप धाडला होता. आण्णा टोपी सारखी करत दाराशीच उभे राहिले. गुरुजींनी त्यांना खुर्ची दिली. ते बसेनात. गुरुजींनी निकाल वाचून दाखवला आणि शाईचा पॅड पुढे केला. आण्णांनी हात मागे घेतला.

“गुरुजी, काय द्यायचं लागतंय का?”

“काही द्यायचं नाही. पोरगं पास झालंय. तुम्हाला कळलं म्हणून अंगठा.”

आण्णांनी पुस्तक हातात घेतले, उलटसुलट पाहिले.

“ह्याच्यात माझं नाव कुठंशीक हाये?”

गुरुजींनी माझ्या नावावर बोट ठेवले आणि मधला शब्द दाखवला. “हे तुमचं. पोराच्या आणि आडनावाच्या मधे.” आण्णांनी त्या शब्दावरून बोट फिरवले आणि मगच अंगठा उठवला. आठवा क्रमांक होता माझा. गावात पोचेपर्यंत त्यांनी वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला पुस्तक दाखवले. वाचायला कुणालाच लावले नाही, नुसते दाखवले.

आयुष्यात पहिल्यांदा काहीही न फेडता दिलेला तो अंगठा होता. मला हे पुष्कळ वर्षांनी समजले.

मोठ्यांना अक्षर शिकवण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात आधीपासून होतेच. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर गेली. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. २ ऑक्टोबर १९७८ पासून देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. आमच्या गावात रात्रीचा वर्ग कंदिलावर चाले. आण्णा दोन पावसाळे तिथे गेले. पुढे ते पेपर वाचू लागले असे काही झाले नाही. सही तेवढी शिकले. माझ्या नववीच्या सहामाहीचा रकाना वार्षिक निकालापर्यंत कोरा राहिला, कारण ‘दुसऱ्या कुणाची सही घेऊ नको, मी आल्यावर करीन’ असे ते जाताना बजावून गेले होते. ती सही रकान्यात मावलेली नाही, मुख्याध्यापकांच्या सहीवर गेली आहे. मुख्याध्यापकांनी त्याबद्दल शब्द काढला नाही.

आईची सही मात्र कुठेच नाही. तेव्हा तिला कुणी विचारले नाही, मीही नाही. आता दहावीच्या गुणपत्रकावर आईचे नाव असते, आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे सरकारी कागदपत्रांसाठी राज्यात बंधनकारक झाले आहे. आपल्या आयांना हे उशिराच मिळाले. पण पिशवीत गुंडाळून, पेटीच्या तळाशी, रेशनकार्डाच्या बरोबरीने पुस्तके ठेवणारी तीच होती. तिची सही तीच समजावी.

प्रगतिपुस्तकही आता पूर्वीचे राहिलेले नाही. शिक्षण हक्क कायदा एप्रिल २०१० मध्ये लागू झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि क्रमांकाच्या जागी अ-१, ब-२ अशा श्रेणी आल्या. आता समग्र प्रगतिपत्रकाची चर्चा आहे. हे चांगलेच आहे. आपण पालक मात्र दुसऱ्या टोकाला गेलो आहोत. मोबाइलवर निकाल येतो, ९४ टक्के असले तरी सहा कुठे गेले ते आपण विचारतो. माझ्या मुलीला मीही विचारले आहे. आण्णांनी मला आठव्या क्रमांकाचे कारण कधी विचारले नाही.

शेवटी एक सूचना. ऊसतोड थांबलेली नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक निघाले, हंगामी वसतिगृहे झाली, तरी दिवाळीनंतर आजीजवळ राहणारी मुले आपल्या तालुक्यात आजही आहेत. त्यांच्या सहामाहीच्या निकालाच्या दिवशी वर्गात त्यांच्या बाजूने बसायला कुणी नसते. आपल्या बॅचमधले निम्मे तरी पाथर्डीत नाहीतर नगरला राहतात. मेळाव्यात सत्कार आणि जेवण होईलच. त्याबरोबर एवढे ठरवू, की नोव्हेंबरमध्ये निकालाच्या दिवशी आपल्यातले चारपाच जण गुरुजींना विचारून आपल्या शाळेत जाऊ, त्या मुलांशेजारी बसू आणि निकाल नीट ऐकून घेऊ. सहीचा रकाना कोराच राहू द्यायचा. तो त्यांच्या आईबापांचा आहे, ते आल्यावर करतील.

आणि मेळाव्याला येताना ज्यांच्याकडे असतील त्यांनी आपली प्रगतिपुस्तके आणावीत. मी माझी आणणार आहे, तांबड्या रेघांसकट.